वेंगुर्ल्याच्या खडकांवरील पाकोळ्या

(मंडळाच्या कागल येथील वार्षिक मेळाव्यात दिलेले भाषण)



गतवर्षीच्या सहलीचा वृत्तांत मी सांगावा, अशी चिटणीसांची आज्ञा झाली. खर्चाचा हिशोब अहवालात आलाच आहे. तेव्हा निपाणी, आजरा, आंबोली करीत आम्ही सावंतवाडीस कसे उतरलो आणि वाटेत कोणाकोणाला घाट लागला, हे सारे गाळून मी थेट पाण्यावरच येतो.

वेंगुर्ले बंदरापासून वायव्येस सुमारे १५ किलोमीटरवर भर समुद्रात खडकांचा एक पुंजका आहे. इंग्रजीत त्यास ‘बर्न्ट आयलंड्स’, म्हणजे जळकी बेटे, असे नाव आहे. जवळून पाहता ते यथार्थ वाटते. काळेकभिन्न कडे, त्यांवर पक्ष्यांच्या विष्ठेचे पांढरे ओघळ, आणि एका खडकावर दीपगृह. आयर्लंडच्या किनाऱ्यापासून सुमारे १२ किलोमीटरवर स्केलिग मायकेल नावाचा असाच एक खडक असून त्यावर ख्रिस्ती साधूंनी रचलेल्या, मधमाश्यांच्या पोळ्याच्या आकाराच्या दगडी कुट्या अद्याप उभ्या आहेत. तेथील साधू आठशे वर्षांपूर्वीच निघून गेले. समुद्रपक्षी मात्र राहिले. आपल्या खडकांवर मठ नाही. एके काळी दीपगृहाचे रखवालदार तेथे राहत, त्यांनाच काय ते तपस्वी म्हणावे!

ए. ओ. ह्यूम, ज्यांचे नाव आपण काँग्रेसच्या स्थापनेशी जोडतो तेच, १८७५ साली पक्षी पाहण्यासाठी या खडकांवर आले होते. पुढे हुमायून अब्दुलअली यांनी १९४० च्या सुमारास येथील सुरय पक्ष्यांवर व पाकोळ्यांवर सविस्तर लिहिले. सुरय पक्ष्यांची वीण भर पावसाळ्यात होते, म्हणजे होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात तेव्हा. आम्ही मार्चमध्ये गेलो होतो. तो हंगाम पाकोळ्यांचा.

खडकावर उतरण्याची परवानगी आम्ही काढली नव्हती. होडीतूनच प्रदक्षिणा घातली. तांडेलाने एका गुहेच्या तोंडापाशी यंत्र बंद केले, तेव्हा आतून टकटक असा बारीक आवाज ऐकू आला. ही पाकोळी अंधारात आपल्याच आवाजाच्या प्रतिध्वनीवरून वाट शोधते. भिंतीला वाटीच्या फोडीसारखे चिकटलेले तिचे घरटे मुख्यतः तिच्या लाळेचे असते. ते बांधावयास तिला कित्येक आठवडे लागतात. चीनमध्ये अशा घरट्यांचे सार करतात व त्यास मोठी किंमत येते. या खडकांवरून चालणारी घरट्यांची चोरी २००१ च्या सुमारास चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेने उघडकीस आणली, आणि वनखात्याच्या साहाय्याने रक्षणाची व्यवस्था झाली.

आमच्यातील एका व्यापारी बंधूंनी हळूच विचारले, “एकाचे किती येतील हो?” विचारणे स्वाभाविकच होते, माझ्याही मनात तेच आले होते. तांडेल म्हातारा होता. तो म्हणाला, “तां तेचां घर आसा, शेटनू. दुसऱ्याचां घर आपण कसां इकूचां?” घरटे काढून नेल्यास पाकोळी पुन्हा बांधावयास बसते आणि मग तिच्या लाळेतून रक्त येते, असेही त्याने सांगितले. रक्ताची गोष्ट शास्त्राला धरून नाही. पुन्हा बांधते, हे मात्र खरे. होडी परत फिरेपर्यंत कोणी फारसे बोलले नाही.

आता एक गोष्ट अहवालात नाही, ती सांगतो. आपल्या गावातील जुन्या घरांच्या तुळयांखाली पाकोळ्या राहतात, त्या याच कुळातल्या. त्याही पिसे व काडीकचरा लाळेनेच चिकटवितात. सहलीस निघण्यापूर्वी आमच्या सोप्याला रंग काढावयाचा होता, म्हणून रंगाऱ्यास बजावून गेलो होतो : “ती घाण आधी खरवडून टाक.” चौथ्या दिवशी परत आलो तो भिंत आरशासारखी स्वच्छ. संध्याकाळी पाकोळ्या आल्या. तुळईपर्यंत येत, चाचपडत आणि पुन्हा वर जात. आमच्या सौभाग्यवतींनी विचारले, “एवढे काय पाहता?” मी काही सांगितले नाही.

आठ-दहा दिवस त्या येत राहिल्या. यंदा एक जोडी त्याच तुळईखाली बसली आहे. खालच्या फरशीवर रोज काडीकचरा पडतो; तो मी स्वतः झाडतो.