दगड, घंटा आणि बोली
(ज्युबिलीच्या सभेंत केलेलें भाषण)



आपल्या पॅरिशच्या ह्या ज्युबिलीच्या निमित्तानें आम्हांस चार शब्द बोलण्याची आज्ञा झाली. विषय निवडण्याची मोकळीक असल्यामुळें ज्याचा आम्हांला छंद आहे तोच विषय आम्हीं घेतला आहे: जुनीं स्थळें पायीं हिंडून पाहणें. ज्युबिली हा मागें वळून पाहण्याचा दिवस. मनुष्य मागें वळून पाहूं लागला, कीं आपलें घर, आपलें देऊळ आणि आपलें गांव हीं कोठून आलीं, हा प्रश्न त्यास पडल्यावांचून राहत नाहीं. त्या प्रश्नाचें अर्धें उत्तर पुस्तकांत सांपडतें. उरलेलें अर्धें पडक्या भिंतींत आणि वडीलधाऱ्यांच्या तोंडीं असतें. तें गोळा करीत आम्हीं सोपारा व वसई पाहिली, सह्याद्रीचे घाट चढलों, चौलची खाडी ओलांडली आणि जुन्या गोव्यापर्यंत गेलों. त्यांतील कांहीं गोष्टी आपल्यापुढें ठेवतों.

पुष्कळांची अशी समजूत असते कीं, ह्या किनाऱ्यावर ख्रिस्ती नांव प्रथम पोर्तुगीजांच्या गलबतांतून उतरलें. सोपाऱ्याचा इतिहास ज्यानें पाहिला तो असें म्हणणार नाहीं. सोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक. ग्रीक दर्यावर्दींना तें बंदर ठाऊक होतें. १८८२ मध्यें पंडित भगवानलाल इंद्रजी ह्यांनीं तेथील बुरूड राजाचा कोट उकरला, तों आंत बौद्ध स्तूप निघाला. सम्राट अशोकाच्या आठव्या शिलाशासनाचा तुकडाही त्याच वर्षीं त्यांस सोपाऱ्यांत मिळाला. ह्याच सोपाऱ्यास १३२१ मध्यें जॉर्डानस नांवाच्या डोमिनिकन धर्मगुरूंनीं, ठाण्यास हुतात्मे झालेल्या चौघां फ्रान्सिस्कनांचे देह आणून पुरले. पुढें ओडोरिक नांवाच्या प्रवासी फ्रान्सिस्कनानें त्यांच्या अस्थि चीनपर्यंत नेल्या. ठाण्यांत हे हुतात्मे उतरले होते ते एका नेस्तोरी ख्रिस्ती कुटुंबाच्या घरीं. वास्को द गामा १४९८ मध्यें कालिकतास आला, त्याच्या आधीं पावणेदोनशें वर्षांची ही हकीकत आहे. ज्या कुटुंबानें परक्या पाहुण्यांस आसरा दिला त्याचें नांव इतिहासानें राखलें नाहीं. पण त्याच्या घराचें दार उघडें होतें एवढें राखलें आहे.

आतां वसईच्या किल्ल्याकडे वळूं. २३ डिसेंबर १५३४ रोजीं गुजराथचा सुलतान बहादूरशहा ह्यानें तहानें वसई पोर्तुगीजांस दिली, आणि पुढें दोनशें वर्षें तें उत्तरेकडील त्यांचें मुख्य शहर झालें. दहा बुरुजांचा कोट, एक दरवाजा जमिनीकडे, एक दर्याकडे. आंत फ्रान्सिस्कन, जेझुइट, डोमिनिकन आणि ऑगस्टिनियन ह्या संघांचे मठ व देवळें. आज छप्परें नाहींत. भिंती, कमानी आणि संत जोसेफच्या देवळाचा मनोरा तेवढा उभा आहे. फ्रान्सिस्कनांच्या देवळांत गेलें तर पायाखालीं सारी थडग्यांचीच फरसबंदी लागते. अक्षरें झिजत चाललीं आहेत, पण सकाळचें ऊन तिरपें पडतें तेव्हां कांहीं ओळी अद्याप लागतात. ह्याच वसईंत पोर्तुगीज बाप आणि येथील आई ह्यांच्या पोटीं गोन्सालो गार्सिया जन्मास आले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं जपानांत नागासाकी येथें ते क्रुसावर हुतात्मे झाले आणि १८६२ मध्यें त्यांस संतपद मिळालें.

वसईचें स्मरण वसईंतच उरलें आहे असें मात्र नाहीं. जुन्या गोव्यांत बॉम जेझूचें देऊळ आहे. १५९४ मध्यें तें बांधावयास घेतलें आणि १६०५ मध्यें त्याचा अभिषेक झाला. संत फ्रान्सिस झेवियर ह्यांचा देह तेथें आहे म्हणून आपल्यापैकीं अनेकजण यात्रेस गेलेच असतील. इमारत तांबड्या जांभ्या दगडाची. परंतु दर्शनी भागावर जें नक्षीकाम आहे तें काळ्या दगडांत आहे, आणि तो दगड वसईहून समुद्रमार्गें नेलेला आहे. पुढच्या वेळीं गेलांत तर आंत शिरण्यापूर्वीं क्षणभर बाहेर थांबा. तो दगड आपल्या गांवचा आहे.

दगड दक्षिणेस गेला, तशा घंटा डोंगरांत गेल्या. १७३९ च्या फेब्रुवारींत चिमाजी आप्पांनीं वसईस वेढा घातला. सुरुंग लागले, तट फुटला, दोन्ही बाजूंचीं माणसें कामास आलीं आणि मे महिन्यांत किल्ला मराठ्यांच्या हातीं आला. देवळांतील मोठ्या घंटा विजयाच्या खुणा म्हणून घाटावर गेल्या आणि मंदिरांस वाहिल्या गेल्या. भीमाशंकरच्या मंदिरापुढें टांगलेल्या घंटेवर १७२९ हा आंकडा आहे. नाशिकला गोदावरीच्या कांठीं नारोशंकराच्या मंदिरावर जी घंटा आहे तिच्यावर १७२१ आहे. गोदेच्या पुराचें पाणी त्या घंटेस लागलें कीं शहरावर संकट आलें असें नाशिककर सांगतात. वाईजवळ मेणवलीस नाना फडणविसांच्या घाटावरही अशीच एक घंटा आहे, आणि तिच्यावर बाळ येशूसह पवित्र मरियेची आकृति आहे.

मेणवलीच्या त्या घंटेखालीं उभे असतां एक प्रश्न आम्हांस टाळतां आला नाहीं, आणि तो आपणांपुढेंही मांडणें आमचें कर्तव्य आहे. ही घंटा पाहून ख्रिस्ती माणसानें काय वाटून घ्यावें? आपलें कांहीं हिरावलें गेलें ह्याचें दुःख? पोर्तुगीजांनीं आपल्या अमदानींत ह्या किनाऱ्यावरचीं हिंदु मंदिरें पाडलीं, हेंही तितकेंच खरें आहे. तें विसरून केवळ घंटेचें दुःख करणें म्हणजे अर्धा इतिहास वाचणें होय. इतिहासाच्या वाचकानें एका पक्षाचें वकीलपत्र घेऊं नये. आमच्या मनास जें उत्तर पटलें तें असें: ती घंटा वितळवून तिच्या तोफा ओतल्या असत्या तर कोणास नवल वाटलें नसतें. तसें झालें नाहीं. देवाची म्हणून ती देवाच्याच दारीं टांगली गेली, आणि मरियेची आकृति कोणीं खरवडून काढली नाहीं. आपले वाडवडील ज्यास देऊळ म्हणत आले त्यास आपणही देऊळच म्हणतों. घंटा एका देवळांतून दुसऱ्या देवळांत गेली. तिचा नाद तोच राहिला.

घंटा गेल्या, गोरे पाद्री व सरदार गेले; पण आपले लोक राहिले. शरणागतीच्या कलमांत, मागें राहणाऱ्या ख्रिस्ती जनांस आपल्या धर्माप्रमाणें वागण्याची मोकळीक होती. किल्ल्यांतील भव्य देवळें ओस पडलीं आणि कोटाबाहेरच्या शेतकऱ्यांनीं व कोळ्यांनीं श्रद्धा जतन केली. आज वसईंत जिवंत पॅरिशी आहेत त्या तटाच्या बाहेर आहेत, आंत नाहींत. ह्याहून मोठा धडा त्या पडक्या भिंतींनीं आम्हांस दिलेला नाहीं.

हाच धडा कोर्लईस निराळ्या रीतीनें मिळतो. रेवदंड्याच्या खाडीपलीकडे, समुद्रांत शिरलेल्या डोंगरावर कोर्लईचा किल्ला आहे. १७४० च्या तहानें चौल व कोर्लई मराठ्यांकडे आलीं आणि पोर्तुगीज निघून गेले. पायथ्याच्या गांवांतील ख्रिस्ती कुटुंबें मात्र पोर्तुगीजेपासून बनलेली एक बोली अद्याप घरांत बोलतात. तिला तीं ‘नौ लिंग’ म्हणतात, म्हणजे आमची बोली. चहूंकडे मराठी असतां, कोणत्याही राजाच्या आश्रयावांचून, केवळ आयांनीं मुलांशीं बोलत राहिल्यामुळें ती बोली पावणेतीनशें वर्षांहून अधिक टिकली. डोंगरावरचे बुरुज ढासळले, बोली ढासळली नाहीं.

आणि आपली मराठी? इंग्लंडांत जन्मलेले फादर स्टीफन्स ह्यांचें मराठी ओवीबद्ध ख्रिस्तपुराण १६१६ मध्यें गोव्यांत रायतूर येथें छापलें गेलें. त्या पहिल्या छापील आवृत्तीची एकही प्रत आज ठाऊक नाहीं. तरी ग्रंथ वांचला, कारण लोकांनीं तो उतरून घेतला, वाचला आणि गायिला.

तेव्हां श्रोतेहो, हें सर्व सांगण्याचें तात्पर्य काय? दगड झिजतो, घंटा दुसरीकडे जाते, छापील प्रतही नाहींशी होते. जें माणसांनीं जपलें तेंच राहतें. म्हणून ह्या ज्युबिलीच्या वर्षीं प्रत्येक कुटुंबानें तीन कामें करावीं. पहिलें, आपल्या सेमेंतेरींतील जुन्या थडग्यांवरील अक्षरें झिजण्यापूर्वीं उतरून घ्यावीं. दुसरें, घरांतील आजी-आजोबांस जवळ बसवून लग्नांतील गाणीं, शेतांचीं व विहिरींचीं नांवें आणि आपल्या बोलींतील शब्द लिहून काढावे. असें एक माणूस गेलें कीं एक ग्रंथशाळा मिटते. तिसरें, मुलांस वसईच्या किल्ल्यांत सहलीस न्यावें, पण हातांत खडू अगर खिळा देऊं नये. ज्या भिंतीनें वेढा सोसला तिला आपलें नांव सोसावयास लावणें बरें नव्हे.

इतकें झालें तर पुढील ज्युबिलीच्या सभेंत जो कोणी बोलावयास उभा राहील, त्यास आमच्याहून अधिक सांगतां येईल. ह्या पॅरिशवर परमेश्वराचा आशीर्वाद पिढ्यान्‌पिढ्या राहो अशी प्रार्थना करून आपली रजा घेतों.