साहेबाने शिकवावे, पहारा करू नये

कॉम्रेड्स, काल बागबाजारात डॉक्टरांच्या चेंबरबाहेर आपला एक औषध प्रतिनिधी साहेबासोबत ताटकळत उभा दिसला. नागपुरातही हेच चित्र. कंपन्या याला ‘जॉइंट वर्क’ म्हणतात. शिकवणारा साहेब कुणाला नको? मला एक भेटले होते. डॉक्टरांपुढे गप्प बसत. बाहेर चहा घेताना विचारत, ‘किमतीचा प्रश्न आला तेव्हा विषय का बदललास?’ दिवसाला एकच चूक, तीही चारचौघांत नाही. माझी विक्री वाढली ती त्यांच्यामुळे. त्यांच्या जागी आलेले साहेब डॉक्टरांसमोरच मला गप्प करत आणि रात्री मेमो काढत. १९७६ च्या विक्री संवर्धन कर्मचारी कायद्याने नेमणूकपत्र दिले, रजा दिली. साहेबाने कसे शिकवावे ते त्यात नव्हते. ते आपणच मागायचे आहे: जॉइंट वर्कची टिपणे शिस्तभंगाच्या कारवाईत वापरता कामा नयेत.