फ्लूच्या विषाणूची पकड



दसरा-दिवाळीच्या सुमारास बांधावरून चालून आलात म्हणजे धोतराला, लुगड्याला काय काय चिकटलेले असते, ते तुम्हांला सांगायला नको. आघाडा असतो, कुसळे असतात. हाच आघाडा सुती कापडाला घट्ट धरतो, पण प्लॅस्टिकच्या कागदावरून निसटून जातो. एवढी गोष्ट ध्यानात ठेवा. फ्लूच्या विषाणूचे निम्मे कसब या चिकटण्यातच आहे.

मी काही शास्त्रशाखेचा प्राध्यापक नव्हे. पण काही वर्षांपूर्वी माझ्या एका विद्यार्थ्याने मला विचारले, "सर, आजारी कोंबड्या मारल्या ते समजले. पण धडधाकट कोंबड्या का हो मारल्या?" त्याच्या वडिलांचा कोंबड्यांचा धंदा होता. प्रश्न नवापूरचा होता. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे कोंबड्यांत एच५एन१ हा बर्ड फ्लू आढळला. भारतातला तो पहिलाच. लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. ज्यांचे पोट त्यावर होते, त्यांच्या डोळ्यांदेखत! त्या मुलाला उत्तर देण्यासाठी मी वाचू लागलो. जे समजले ते सांगतो.

फ्लूचा विषाणू म्हणजे साधारणपणे मिलिमीटरचा दहाहजारावा भाग. त्याच्या अंगावर प्रथिनांचे दोन तऱ्हेचे काटे असतात. पहिल्याचे नाव हिमॅग्लुटिनिन, दुसऱ्याचे न्यूरामिनिडेझ. एच५एन१ मधला एच पहिल्याचा, एन दुसऱ्याचा. आकडे त्यांचे प्रकार दाखवितात.

१९४१ साली अमेरिकेत जॉर्ज हर्स्ट हे शास्त्रज्ञ कोंबडीच्या अंड्यांत हा विषाणू वाढवीत होते. त्या द्रवात गर्भाचे रक्त मिसळले आणि तांबड्या पेशींचे पुंजके झाले. विषाणूने एका अंगाने एक पेशी धरली, दुसऱ्या अंगाने दुसरी. हे काम पहिल्या काट्याचे. पुढे असेही दिसले, की काही वेळाने विषाणू आपण होऊन सुटतो. हे काम दुसऱ्याचे. म्हणजे एक धरणारा आणि एक कापणारा.

धरतो तो कशाला? आपल्या पेशींवर साखरेच्या बारीक साखळ्या असतात. त्यांच्या टोकाला सियालिक आम्ल नावाची एक शर्करा असते. काटा तिला धरतो. मग पेशी स्वतःच विषाणूला पोटात घेते आणि तिथे त्याच्या हजारो नकला तयार होतात. नव्या विषाणूंनी बाहेर पडावे, तर तीच शर्करा त्यांना धरून ठेवणार. तेव्हा दुसरा काटा कातरीसारखा ती कापतो. फ्लूवर दिले जाणारे ओसेल्टॅमिवीर हे औषध ही कातरच अडकवून ठेवते. म्हणून ते आजाराच्या पहिल्या एकदोन दिवसांत घेतले तर अधिक गुणकारी. अर्थात डॉक्टरांच्या सल्ल्यानेच.

आता मुद्द्याची गोष्ट. ही शर्करा साखळीला दोन तऱ्हांनी जोडलेली असते. पक्ष्यांच्या आतड्यांत एक तऱ्हा, तर माणसाच्या नाकाघशात मुख्यतः दुसरी. पक्ष्यांच्या विषाणूचा काटा आपल्या नाकाघशात नीट धरत नाही, जसा आघाडा प्लॅस्टिकवर धरत नाही. म्हणून बर्ड फ्लू माणसाला क्वचित होतो आणि माणसामाणसांत सहजासहजी पसरत नाही. पण आपल्या फुप्फुसांत खोलवर पक्ष्यांसारखी जोडणीही आहे. विषाणू तिथवर पोहोचला, तर जिवावर बेतू शकते.

मग धोका कुठे आहे? नकला करताना विषाणूच्या हातून चुका फार होतात. एखादी चूक काट्याचा आकार बदलते. माणसांच्या फ्लूतही हेच घडते. म्हणून त्याची लस वरचेवर बदलावी लागते. २०२४ मध्ये अमेरिकेत गाईंमध्ये पसरलेल्या एच५एन१ च्या प्रथिनावर प्रयोगशाळेत अभ्यास झाला. त्यातला एकच घटक बदलला, तर ते माणसाच्या तऱ्हेची शर्करा पकडू लागते असे दिसले. नुसत्या पकडीने साथ येत नाही, आणखी बदल लागतात. पण पहिले कुलूप तिथेच उघडते.

त्या मुलाला मी एवढेच सांगितले: "बाबा रे, धडधाकट दिसणाऱ्या कोंबडीतही विषाणू शिरलेला असू शकतो. लागण झालेली प्रत्येक कोंबडी म्हणजे त्याला चूक करण्याची आणखी एक संधी." तो म्हणाला, "पण सर, भरपाई?" त्याचेही खरेच होते. नुकसानभरपाई चोख आणि वेळेवर मिळाली, तरच लोक रोग लपवणार नाहीत.

कोंबड्या एकाएकी मरू लागल्या तर पशुवैद्यकीय दवाखान्यात लगेच कळवा. मेलेले पक्षी उघड्या हाताने उचलू नका, ओढ्यात टाकू नका. हात साबणाने धुवा. विषाणूचे वेष्टन स्निग्ध असते, साबणाने ते फुटते. मांस-अंडी पुरती शिजवून खा. आणि शिक्षकबंधूंनो, वर्गात आघाड्याची एक काडी न्या. सुती कापडाला लावून दाखवा, प्लॅस्टिकला लावून दाखवा. बाकीचे मुले तुम्हांलाच विचारतील.