आधी प्लग, मग फळी

माझं दुकान किकवीला, पुणे–सातारा रस्त्यालगत. मिक्सर, इस्त्री, इंडक्शन, पंखे, जे विजेवर चालतं आणि बंद पडतं ते माझ्याकडे येतं. भाषण मी कधी केलेलं नाही, तेव्हा सांभाळून घ्या. आकाशवाणीवाल्यांनी विचारलं, कशावर बोलाल? म्हटलं, मिक्सर का जळतो ते सांगतो. ते म्हणाले, ते नंतर, आधी श्रोत्यांच्या या पत्रांचं बघा. सगळ्या पत्रांत एकच प्रश्न. स्वयंपाकघर एवढंसं, त्यात मिक्सर, इंडक्शन, किटली, टोस्टर, दिवाळीत बक्षीस आलेला सँडविच मेकर, हे सगळं ठेवायचं कुठं?

दुकानात तरी दुसरं काय चालतं! दुरुस्त झालेला मिक्सर पिशवीत घालता घालता मावशी विचारतात, "दादा, आता ह्याला ठिवू कुठं? मांडणीवर काय बसंना." माझं उत्तर ठरलेलं असतं. मावशी, घरात प्लग कुठाय? मावशी माझ्याकडे अशा बघतात, की विचारलं काय आणि हा बोलतोय काय.

पण उत्तर तेच आहे. आपण आधी फळी शोधतो, वस्तू तिथं ठेवतो, आणि मग वायर पुरत नाही म्हणून एक्स्टेन्शन बोर्ड आणतो. तो बोर्ड ओट्यावर येतो, सिंकच्या शेजारी, आणि कायमचा तिथंच राहतो. आज मला जर एकच गोष्ट सांगायची असेल, तर ती ही. ओट्यावर एक्स्टेन्शन बोर्ड ठेवू नका. वस्तू कमी ठेवा, उचलून ठेवा, शेजारणीला देऊन टाका, पण तो बोर्ड नको.

यात बायकांची चूक नाही, घरांची आहे. आपल्याकडची जुनी स्वयंपाकघरं बैठी. चूल खाली, पाटा खाली, जातं कोपऱ्यात. डबे फडताळात, मडक्यांची उतरंड भिंतीला, दुधादह्याचं शिंकाळं वर. प्रत्येक वस्तूला जागा होती आणि कशालाच वायर नव्हती. वीज आली तेव्हा स्वयंपाकघराला काय मिळालं, तर एक बल्ब आणि फार तर दाराजवळ एक लहान पॉइंट. तेवढं पुरतही होतं. मग मिक्सर आला. आपल्या वाटणाला टिकेल असा 'सुमीत' मिक्सर मुंबईत १९६३ साली सत्यप्रकाश माथुर नावाच्या इंजिनिअरनं तयार केला. त्यांच्या पत्नीचा परदेशी मिक्सर वाटण वाटता वाटता जळला होता, त्यातून हे निघालं. खोबरं आणि ओली डाळ वाटायला मोटर दमदार लागते, ती त्यांनी घातली. नंतर ओटे आले, गॅस आला, ट्रॉल्या आल्या, आता इंडक्शन आलं. पॉइंट मात्र दाराजवळचाच.

आता थोडा हिशेब. कंटाळू नका, हा वाण्याच्या हिशेबापेक्षा सोपा आहे. भिंतीवर प्लगचे दोन आकार असतात, लहान आणि मोठा. लहान ६ अँपिअरचा, मोठा १६ चा. आम्ही वायरमन बोलताना पाच आणि पंधराच म्हणतो. घरातली वीज २३० व्होल्ट. सहाला २३० नं गुणा, १३८० होतात. म्हणजे लहान प्लगमधून १३८० वॅटपर्यंतची वस्तू चालवायची, पुढं नाही. मिक्सर ५०० ते ७५० वॅटचा असतो, तो आरामात चालतो. किटली १५०० ची. इंडक्शन पूर्ण जोरात २००० चं. पाणी तापवायचा रॉड १५०० चा. या तिन्ही वस्तू लहान प्लगच्या नव्हेतच, कंपनी त्यांना मोठी पिन उगाच देत नाही. पण मोठी पिन लहान प्लगमध्ये जात नाही म्हणून बाजारातून जोडपिन आणायची, आणि एकाच बोर्डावर इंडक्शन आणि किटली दोन्ही लावायची! ३५०० वॅट. पंधरा अँपिअरच्या वर करंट, आणि त्या बोर्डाची वायर बघावी तर करदोट्याएवढी.

मागच्या श्रावणातली गोष्ट सांगतो. शिरवळच्या कंपन्यांत कामाला असलेली बरीच मंडळी आमच्याकडं खोल्या भाड्यानं घेऊन राहतात. दहा बाय बाराची खोली, त्यातच ओटा, त्यातच पलंग. अशाच एका खोलीतल्या वहिनींना चार दिवस संध्याकाळी सुक्या बोंबलाचा वास यायचा. घरात श्रावण पाळलेला. त्यांना वाटलं, शेजारची मुद्दाम भाजतेय. पाचव्या दिवशी दोघींचं जोरात भांडण झालं, घरमालक मध्ये पडला. शेजारीण शपथेवर सांगतेय, आमच्यात कुणी मासळी खातच नाही. सहाव्या दिवशी इंडक्शन बंद पडलं आणि भाऊ ते माझ्याकडं घेऊन आले. मी लावून पाहिलं तर इंडक्शन ठणठणीत. म्हटलं, घरचा बोर्ड आणा.

बोर्ड आणला. पांढरा होता म्हणे. एका प्लगच्या भोकांभोवती करपलेल्या भाकरीसारखा काळपट-तपकिरी झालेला. उघडला तर आतली पितळी पट्टी ढिली पडलेली, वायरीवरचं रबर वितळून पट्टीला चिकटलेलं. पिन ढिली बसली की तिथं ठिणगी पडते, ठिणगीनं गरम होतं, गरम झालं की पट्टी आणखी ढिली होते. आणि प्लग-बोर्डाचं ते कडक प्लास्टिक तापलं, की त्याला अगदी सुक्या मासळीसारखा वास येतो. तोच तो बोंबील.

म्हणून सांगतो, ऐका. घरात कुणी मासळी भाजत नसताना मासळीचा वास आला, तर शेजारणीशी भांडू नका. मेन स्विच बंद करा आणि सगळे प्लग हात लावून बघा, मेन बंद केल्यावरच. जो गरम लागेल तो बदलायचा. चिकटपट्टी लावून परत वापरायचा नाही. भाऊंनी मला विचारलं होतं बरं का, "चिकटपट्टी लावून चालंल का?" खोलीचं भाडं देता, इंडक्शनला दोन-तीन हजार मोजता, आणि बोर्डापाशी येऊन हात आखडता घेता! राग येतो मला. असो.

राग यायचं कारण आहे, आणि ते सांगणार नव्हतो. आमच्या घरीही ओट्यावर असाच बोर्ड होता. मी स्वतः आणलेला, मिक्सरची वायर पुरत नाही म्हणून. बोर्डाच्या तीन पिनांतली वरची जाड पिन भिंतीच्या जुन्या प्लगात जाईना, तर मी ती पक्कडीनं कापून टाकली होती. दुकान चालवणारा माणूस! एका सकाळी आई ओल्या फडक्यानं ओटा पुसत होती, फडकं बोर्डावरून गेलं आणि ती मागं फेकली गेली. फडकं हातातून सुटलं म्हणून वाचली. मनगटापासून खांद्यापर्यंत दोन दिवस मुंग्या येत होत्या. मला एका शब्दानं बोलली नाही, फक्त म्हणाली, "तुला तर कळत हुतं ना रं."

ती वरची पिन अर्थची असते. ती मुद्दाम लांब केलेली असते, म्हणजे लावताना आधी ती लागते आणि काढताना शेवटी सुटते. ती कापू नका, वाकवू नका. घराबाहेर अर्थिंगचा खड्डा असतो, कोळसा-मीठ भरलेला. उन्हाळ्यात त्यात बादलीभर पाणी घालत जा. आणि मेन बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. एमसीबी असला म्हणजे झालं असं लोक समजतात. एमसीबी जास्त करंटमुळं वायर जळू देत नाही. शॉक लागल्यावर क्षणात वीज तोडतो तो आरसीसीबी. आमच्याकडं आई पडल्यावर बसवला, तुम्ही आधी बसवा.

बरं, आता फळीचं. ओट्याच्या वर, सिंक आणि शेगडी दोन्हींपासून हात-दीड हात लांब, एक मोठा पॉइंट लायसनवाल्या वायरमनकडून काढून घ्या. भाड्याची खोली असली तरी मालकाला सांगा, बोर्ड जळाला तर घर त्यांचंच जळणार आहे. तो पॉइंट जिथं, तिथं रोजची वस्तू. रोजची म्हणजे खरंच रोजची. बहुतेक घरांत ती एकच निघते, मिक्सर. चहाला किटली वापरत असाल तर दोन. बाकी सगळं आत.

आत म्हणजे कुठं? जड ते खाली, हलकं ते वर, उतरंडीसारखं. मिक्सर फ्रिजवर ठेवू नका. डोक्यावरून उतरवताना तो निसटतो, माझ्याकडं फुटलेली बुडं येतात ती बहुतेक तिथलीच. शिवाय नव्या फ्रिजच्या बाजू मुळात गरम होतात, त्याला खेटून काही ठेवू नये. सुताराकडून ट्रॉली करून घेणार असाल तर माप वायर आणि पिनेसकट द्या, नुसत्या बुडाचं देऊ नका.

माळ्यावर पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवायचं असेल तर खोकं फेका. पुठ्ठ्याच्या पन्हळीत झुरळं अंडी घालतात आणि ती मिक्सरच्या बुडात शिरतात. आतून भाजलेली झुरळं काढणं हा माझ्या धंद्यातला आवडता भाग नाही. झाकणाचा डबा घ्या किंवा जुन्या उशीच्या अभ्र्यात बांधून ठेवा. भातकोठी घरात असली तर उंदीरही आलेच, ते वायर कुरतडतात. वर्षभरानं काढलेली वस्तू लावण्याआधी वायर पहिल्यापासून शेवटपर्यंत बोटांनी चाचपा.

वायर गरम बुडाभोवती आवळून गुंडाळायची नाही. सैल वेटोळं करायचं. पिनेपाशी तुटलेली वायर ही आवळण्याचीच करामत असते.

आणि ओलं काही बंद करू नका. हे परत सांगतो, कारण आपल्याकडं पाऊस आहे. किकवीला तो बेताचा, पण ऐकणाऱ्यांत हिरडस मावळातली, वेळवंड खोऱ्यातली मंडळी असतील. तिथं आषाढात आगपेटी पेटत नाही. मिक्सरचं भांडं धुतलं की पालथं घालून पुरतं निथळू द्या, कारण पात्याखालच्या बुशात पाणी राहिलं की ते गंजून अडकतं. बूड मात्र नळाखाली धरायचं नाही, पिळलेल्या फडक्यानं पुसायचं, पिन काढून. हसू नका, बूड धुऊन आणणारे आहेत. पावसाळ्यात आत ठेवलेली वस्तू पंधरा दिवसांनी एकदा उन्हात, नाहीतर चुलीच्या उबेत अर्धा तास ठेवा.

सँडविच मेकरचं एका ताईंनी पत्रात विचारलंय. ताई, वर्षात किती वेळा काढलात? दोनदा. मग तो नणंदेला द्या. टोस्टरचंही तेच, तव्यावर पाव भाजता येतो.

काचेपलीकडून मला बोट दाखवतायत, वेळ होत आली. बोर्डाचं तेवढं आज संध्याकाळी बघा. ओट्यावर असेल तर पिन काढून, उचलून दुसरीकडं ठेवा आणि उद्या वायरमनला बोलवा. शनिवारची वाट बघू नका. दुकानाचं नाव सांगू नका असं मला बजावलंय, ते सांगत नाही. कुठल्याही दुकानात मिक्सर दुरुस्तीला न्याल तेव्हा भांडं बरोबर न्या. लोक नुसतं बूड आणतात, आणि बिघाड निम्म्या वेळा भांड्यात असतो.