गेमचं यंत्र घेताना जागेचा हिशोब



शाळांना सुट्या लागतात आणि मोंढ्यात हळदीच्या पट्ट्या होतात, ते दिवस आपल्या हिंगोलीत एकच. गेल्या मे महिन्यात सेनगाव तालुक्यातले एक शेतकरी मुलाला घेऊन माझ्या दुरुस्तीच्या दुकानात आले. म्हणाले, "दहावीला चांगले मार्क पडले तर गेमचं यंत्र घेईन म्हणून शब्द दिला होता. आता दुकानदार म्हणतो, जास्त जीबीचं घ्या. फरक हजारोंचा आहे. घेऊ का?" हा प्रश्न मला वरचेवर विचारला जातो. त्याचं उत्तर आज सविस्तर देतो.

आधी खोक्यावरचा जीबीचा, म्हणजे जागेचा, आकडा समजून घेऊ. ओली हळद शिजवून, वाळवून, पॉलिश करून मोंढ्यात नेईपर्यंत पाच क्विंटलाची साधारण एक क्विंटल उरते. म्हणून ओल्या वजनावर कुणी सौदा करत नाही. जीबीचंही असंच धरा. पहिल्या प्लेस्टेशन ५ च्या खोक्यावर ८२५ जीबी लिहिलेलं होतं, पण गेम ठेवायला मिळायचे सुमारे ६६७. एक्सबॉक्स सिरीज एसवर ५१२ लिहिलेलं, हाती येतात सुमारे ३६४. उरलेली जागा यंत्राची स्वतःची प्रणाली व्यापते. शिवाय कंपनी एक हजाराच्या पटीत मोजते आणि बरीच यंत्रं १०२४ च्या पटीत, म्हणून एक टीबीची, म्हणजे हजार जीबीची, डिस्क जोडली तर पडद्यावर ९३१ दिसतात. यात फसवणूक नाही, पण दुकानात विचारायचं ते हेच: "गेमसाठी मोकळी जागा किती?"

आता ही जागा भरते किती लवकर? लहान गेम पाच-दहा जीबीत बसतो, पण कॉल ऑफ ड्यूटीसारखा मोठा गेम शंभर जीबीच्या पुढे जातो. म्हणजे ३६४ जीबीत असे तीनच मोठे गेम. चौथा हवा असेल, तर आधीचा एक पुसावा लागतो.

पुण्यातला मुलगा तो बिनधास्त पुसतो. त्याच्या घरी १०० एमबीपीएसचं फायबर असेल, तर शंभर जीबीचा गेम सव्वादोन तासांत परत उतरतो. तोच गेम १० एमबीपीएसच्या जोडणीवर उतरवायला बावीस तास लागतात. आणि वडिलांच्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, रोज दोन जीबीच्या पॅकमधून उतरवायचा म्हटलं, तर पन्नास दिवस. मधे वीज गेली, रेंज गेली, ते वेगळंच. म्हणून माझं सांगणं असं की जास्तीच्या जागेची खरी किंमत आपल्या घरचं इंटरनेट ठरवतं. नेट जितकं हळू, तितकी जागा मोलाची. गोदाम असलेल्या शेतकऱ्याला पडत्या भावात हळद विकायची घाई करावी लागत नाही. तसंच जागा असली की एकदा कष्टानं उतरवलेला गेम पुसावा लागत नाही.

मग जागा यंत्राबरोबरच घ्यावी की मागाहून? इथे एकच गोष्ट तपासा: त्या यंत्रात बाजारातला साधा ड्राइव्ह बसतो, की त्याच यंत्रासाठी केलेलं खास कार्डच लागतं?

एक्सबॉक्सच्या सिरीज एस आणि एक्समध्ये नवे गेम खेळायला जास्तीची जागा हवी असेल, तर मागच्या खाचेत बसणारं खास कार्डच लागतं. अमेरिकेतल्या किमती पाहा. तिथे ५१२ जीबीचं सिरीज एस ३०० डॉलरला होतं आणि २०२३ मध्ये एक टीबीचं ३५० ला आलं. पन्नास डॉलरमध्ये जागा दुप्पट. पण ५१२ जीबीचं वेगळं कार्ड २०२१ मध्ये निघालं, ते जवळपास १४० डॉलरला. अशा यंत्रात जास्त जीबीचं मॉडेल सुरुवातीलाच घेणं फायद्याचं.

प्लेस्टेशन ५ चं उलट आहे. त्यात बाजारात मिळणारी एम-डॉट-टू एसएसडी, म्हणजे वेगवान ड्राइव्ह, बसते. तिचा वाचनाचा वेग सेकंदाला ५,५०० एमबी किंवा जास्त असावा, असं कंपनी सुचवते, आणि तिच्यावर उष्णता वाहून नेणारी धातूची पट्टी, म्हणजे हीटसिंक, हवीच. ही मागाहून, भाव बघून घेता येते. आज त्यासाठी पैसे अडकवू नका.

आणखी एक सोय फार थोड्यांना माहीत असते. यूएसबीनं जोडायची पोर्टेबल हार्ड डिस्क तितक्याच जागेच्या एसएसडीपेक्षा बरीच स्वस्त असते. प्लेस्टेशन ५ चे गेम तिच्यावरून खेळता येत नाहीत, पण ठेवता येतात. खेळायचा असेल तेव्हा गेम परत यंत्रात घ्यायचा. नेटचा पुन्हा तेवढा खर्च नाही. प्लेस्टेशन ४ चे गेम तर थेट तिच्यावरूनच चालतात. आपल्याकडच्या नेटला हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे. हार्ड डिस्क घेताना ती यूएसबी ३ ची आणि किमान २५० जीबीची असावी.

आता गेमची सीडीसारखी डिस्क घालता येणारं, म्हणजे डिस्कवालं, यंत्र घ्यावं की फक्त नेटवरून गेम घेणारं डिजिटल? प्लेस्टेशन ५ फेब्रुवारी २०२१ मध्ये भारतात आलं, तेव्हा डिस्कवाल्याची किंमत ४९,९९० रुपये होती आणि डिजिटलची ३९,९९०. दहा हजारांचा फरक पाहून अनेक पालक डिजिटलकडे वळतात. मी गावाकडच्या माणसाला डिस्कवालंच सुचवतो. डिस्कमुळे जागा वाचत नाही, गेम यंत्रात उतरवावाच लागतो. पण बहुतेक वेळा त्यातला मोठा भाग डिस्कवरूनच येतो, नेटवर येतात ती मुख्यतः नंतरची अपडेट. शिवाय डिस्क मित्राला देता येते, खेळून झाली की विकता येते. मोठा नवा गेम तेव्हा ४,९९९ रुपयांपर्यंत असायचा. अर्ध्या किमतीला जरी गेला, तरी चार डिस्कमध्ये दहा हजारांचा फरक भरून निघतो. डिजिटल गेम विकता येत नाही.

सेनगावच्या त्या बाबांना मी हेच सांगितलं. त्यांच्या घरी फायबर नव्हतं, मोबाइलचाच आधार होता. मुलानं माझ्याच टेबलावर पाठकोऱ्या कागदावर हिशोब मांडला: कुठले गेम, किती जीबी, रोजचं नेट किती. बेरीज झाल्यावर तोच म्हणाला, "बाबा, जास्त जीबीचं नको. डिस्कवालं साधं घेऊ, आणि एक हार्ड डिस्क." उरलेल्या पैशांत त्यांनी छोटा यूपीएसही घेतला. तो मी सगळ्यांनाच घ्यायला सांगतो. गेम लिहिला जात असताना वीज गेली तर तो बिघडू शकतो, आणि मग सगळं पुन्हा उतरवावं लागतं.

दुकानात जाण्याआधी तुम्हीही तसा कागद करा आणि तो मुलाकडूनच करून घ्या. भारतातल्या वॉरंटीचं बिल मागून घ्या, त्यावर यंत्राचा क्रमांक लिहिलाय का ते पाहा. आणि खोक्यावरचा आकडा वाचताना आपली वाळलेली हळद आठवा.