फेरफाराची वही
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला दहा मिनिटे दिली आहेत आणि अट घातली आहे, "तुझ्या कामाबद्दल बोल, पण सगळ्यांना कळेल असं बोल." माझे काम क्लाउडवरच्या डेटाबेस क्लस्टरच्या सेटिंगमध्ये होणारे बदल तपासण्याचे आहे. घरी विचारतात तेव्हा मी सांगते, मी पहारा देते. आज पहारा कशावर आणि का, तेवढेच सांगते.

क्लाउड म्हणजे आभाळात काही नसते. मोठमोठ्या इमारतींत ठेवलेले, भाड्याने मिळणारे संगणक असतात ते. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुण्यात आणि मुंबईत, अ‍ॅमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत आपली क्लाउड केंद्रे सुरू केली. डेटाबेस म्हणजे नोंदींचे कपाट. आणि क्लस्टर म्हणजे मिळून एकाच कपाटासारखी वागणारी अनेक यंत्रे. एका मुख्य यंत्रावर लिहायचे, बाकीच्यांनी त्याची प्रत ठेवायची. मुख्य यंत्र बंद पडले तर प्रतींपैकी एक त्याची जागा घेते. इमारत, वीज, थंड हवा, दारावरचा रखवालदार हे सगळे क्लाउड कंपनी पाहते. पण कपाट कोणाला उघडता यावे, हे ठरवण्याची जबाबदारी भाडेकरूची, म्हणजे आपली.

हे ठरते सेटिंगमध्ये. कोणत्या पत्त्यावरून जोडणी घेता येईल? पासवर्ड कोणाकडे? बॅकअप किती दिवसांचा? क्लस्टर पुसून टाकायला अटकाव आहे का? अ‍ॅमेझॉनच्या ऑरोरा डेटाबेसमध्ये स्वयंचलित बॅकअप १ ते ३५ दिवस ठेवता येतो. ३५ चा १ करायला अर्धे मिनिट पुरते. एकाही नोंदीला धक्का लागत नाही, ग्राहकाला काही जाणवत नाही, काम सुरळीत चालते. फक्त आठवड्यापूर्वीची चूक दुरुस्त करायची वाट गुपचूप बंद झालेली असते. म्हणून माझी नजर कपाटातल्या वस्तूंपेक्षा कुलपावर जास्त असते.

आता एका मराठी शब्दाकडे वळते. 'हिशेबात फेरफार केला' म्हटले की आपल्याला लबाडी दिसते. पण उत्तन, डोंगरी, काशीच्या ज्या मित्रांच्या घरी जमिनीचे कागद आहेत, त्यांना 'फेरफार' हा सरळ कायदेशीर शब्द माहीत आहे. गाव नमुना ६, फेरफार नोंदवही. वडील गेले, वारसांची नावे लावायची, तर थेट सात-बारावर खाडाखोड करता येत नाही. आधी तलाठी फेरफार वहीत नोंद करतो. संबंधितांना नोटीस जाते, चावडीवर लागते, हरकतीला १५ दिवस मिळतात. मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि त्यानंतरच सात-बारा बदलतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ ची आहे, पण ही पद्धत त्याहून जुनी. आता डिजिटल स्वाक्षरीचा सात-बारा संगणकावर मिळतो, तरी फेरफाराचा नियम कायम आहे.

शब्द एकच आहे. वहीत नोंद असेल तर तो बदल, नसेल तर ती अफरातफर. माझ्या क्षेत्रातली सगळी सुरक्षितता मला या एका वाक्यात सांगता येते.

क्लाउडवर ही वही आयती मिळते. अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडट्रेल सेवेत कोणी, केव्हा, कोणत्या पत्त्यावरून कोणते सेटिंग बदलले, याची नोंद आपोआप होते. पण तिच्या दोन मर्यादा आहेत. एक म्हणजे ही नोंद आपोआप ९० दिवसच पाहता येते. पुढे हवी असेल तर वेगळी साठवण्याची व्यवस्था करावी लागते. आपल्या सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार नोंदी १८० दिवस ठेवाव्या लागतात आणि ठरावीक प्रकारच्या सायबर घटना ६ तासांत कळवाव्या लागतात. म्हणजे आयत्या व्यवस्थेवर विसंबलो तर निम्मी वही गायब. दुसरे म्हणजे ही वही दाराची आहे. आत शिरून कोणी कोणती नोंद वाचली किंवा बदलली, हे कळायला डेटाबेसची स्वतःची ऑडिट वही वेगळी चालू करावी लागते.

आणि वही ठेवायची कुठे? ज्याच्या हाती कपाटाची किल्ली, त्याच्याच खणात वही ठेवून उपयोग नाही. ती वेगळ्या खात्यात, डेटाबेसवाल्यांना पुसता येणार नाही अशी ठेवायची. तलाठी आणि मंडळ अधिकारी वेगळे असतात, तसे इथेही एकाने बदल सुचवायचा, दुसऱ्याने तपासून मान्य करायचा. योग्य सेटिंग एका फाइलमध्ये लिहून ठेवायचे आणि फाइल व प्रत्यक्ष यांचा ताळा यंत्राने रोज घ्यायचा.

शंभर गोष्टींचे इशारे लावले की माणसे एकही वाचत नाहीत. लांडगा आला रे आला, असे होते. मी पाचच बदलांसाठी रात्री फोन वाजू देते: दार साऱ्या जगाला उघडले, पुसण्याचा अटकाव काढला, बॅकअपचे दिवस घटवले, कोणाला सर्वाधिकार दिले, किंवा वहीच बंद केली. यातला शेवटचा सगळ्यांत महत्त्वाचा, कारण चोर आधी दिवा घालवतो.

हे कोणाच्या पैशाचे असते, ते पुण्याच्या कॉसमॉस बँकेने २०१८ मध्ये पाहिले. ऑगस्टच्या ११ आणि १३ तारखेला मिळून सुमारे ९४ कोटी रुपये गेले, २८ देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांनी पैसे काढले गेले. तो प्रकार क्लाउडवरचा नव्हता, पण धडा तोच आहे. खात्यांची मूळ प्रणाली शाबूत होती, असे बँकेने सांगितले. चोरांनी मधली वाट बदलली. एटीएमची विचारणा बँकेपर्यंत पोचण्याऐवजी एक खोटी यंत्रणाच परस्पर होकार देत राहिली. तिजोरी जागच्या जागी होती, वाट वळवली गेली होती.

"इतक्या नोंदी? आमच्यावर विश्वास नाही का?" हा प्रश्न मला प्रत्येक ठिकाणी ऐकावा लागतो. त्याचे उत्तर मला एका कंपनीत मिळाले, नाव सांगत नाही. सोमवारी सकाळी कळले की डेटाबेसचे दार शुक्रवारपासून साऱ्या इंटरनेटला उघडे आहे. अनोळखी पत्त्यांवरून आत शिरायचे शेकडो प्रयत्न झाले होते. पासवर्ड मजबूत होता म्हणून निभावले. सगळ्यांचे बोट नव्याने लागलेल्या मुलाकडे गेले. तो वसईहून येणारा, कामाला लागून दोन महिने झालेले. बिचारा मान खाली घालून उभा. आम्ही वही उघडली. बदल शुक्रवारी सायंकाळी ६ वाजून ४० मिनिटांनी, ऑफिसमधून, एका ज्येष्ठ सहकाऱ्याच्या खात्यावरून झाला होता. त्या वेळी तो मुलगा भाईंदरची खाडी ओलांडत लोकलमध्ये लटकत होता. ज्येष्ठांनी चाचणीसाठी दार उघडले होते आणि लावायचे राहिले होते. वही नसती तर त्या मुलाची नोकरी गेली असती, आणि दार पुन्हा कधीतरी तसेच उघडे राहिले असते.

म्हणून मी सांगते, वही प्रामाणिक माणसाचा साक्षीदार आहे. अविश्वासाशी तिचा संबंध नाही.

तुमच्यापैकी कोणी दवाखाना चालवतो, कोणी पतपेढीवर संचालक आहे, कोणी क्लास घेतो, कोणी सोसायटीचा सचिव आहे. तुमच्या रुग्णांची, ठेवीदारांची, मुलांची नावे कुठल्या तरी क्लस्टरमध्ये आहेत. सॉफ्टवेअर देणाऱ्याला चार प्रश्न विचारा. सेटिंग कोणकोण बदलू शकते? बदलले तर तुम्हाला किती वेळात कळते? ती नोंद किती दिवस राहते, आणि बदलणाऱ्यालाच पुसता येते का? बॅकअप परत आणून शेवटचे कधी पाहिले? "काळजी करू नका, सगळं क्लाउडवर आहे" असे उत्तर आले, तर नक्की काळजी करा.

आपल्या बाईंनी आणि सरांनी वहीत खाडाखोड करू दिली नाही. चुकले तर एक आडवी रेघ मारायची, चूक दिसत राहिली पाहिजे, बरोबर उत्तर शेजारी लिहायचे. माझ्या पगाराचे काम याहून फार वेगळे नाही. त्यासाठी गुरुजनांना वाकून नमस्कार.