गणवेशातला आणि गणवेशाबाहेरचा कारागीर



रियाधच्या आग्नेयेस सुमारे ८० किलोमीटरवर अल खर्ज आहे. शेती व दुग्धशाळा ही त्याची एक ओळख. लष्करी सामग्रीचे कारखाने आणि प्रिन्स सुलतान हवाई तळ ही दुसरी. १९९०-९१ च्या आखाती युद्धात अमेरिकी हवाई दलाने येथे तंबूंचे नगरच वसविले. १९९६ मधील खोबरच्या स्फोटानंतर अमेरिकी तुकड्या येथे हलविल्या गेल्या, २००३ मध्ये निघून गेल्या आणि २०१९ मध्ये पुन्हा आल्या.

जेथे सैन्य तेथे वाहने, आणि जेथे वाहने तेथे मिस्त्री! वाळू एअर फिल्टरमध्ये साचते, उष्म्याने बॅटऱ्या अकाली निकामी होतात. रणगाड्यावर उभ्या असलेल्या सैनिकाचे छायाचित्र वृत्तपत्रात झळकते. गाडीखाली पाठीवर निजून नट आवळणाऱ्याचे कोण छापणार? हा कारागीर पुष्कळदा परदेशातून आलेला असतो. एक गणवेशातला, स्थलांतरित म्हणून अमेरिकी सैन्यात भरती झालेला. दुसरा आपल्याकडच्या आयटीआयमधून मोटर मेकॅनिकचे प्रमाणपत्र घेऊन ठेकेदाराकडे राबणारा. सेवेत असताना मृत्यू आला, तर दोघांच्या घरच्यांच्या वाट्याला काय येते?

पहिल्यासाठी अमेरिकेने १९९० मध्ये कायदा केला. युद्धकाळातील सेवेमुळे मरण पावलेल्या परकीय सैनिकास मरणोत्तर नागरिकत्व मिळू लागले. पण तो नुसताच सन्मान होता, विधवेस वा आईबापास त्याचा उपयोग नव्हता. २००३ च्या दुरुस्तीने पती-पत्नी, मुले व आईवडील यांना त्या आधारे स्थलांतराचे लाभ खुले झाले. नागरिकत्वाचा अर्ज मात्र मृत्यूनंतर दोन वर्षांच्या आत करावा लागतो. अमेरिकेत ज्यांची मुले सैन्यात आहेत, त्यांनी ही मुदत ध्यानी ठेवावी.

दुसऱ्यास कोणी सैनिक म्हणत नाही. येथे बाबासाहेबांचे स्मरण अपरिहार्य आहे. महूच्या छावणीत जन्मलेला हा सुभेदाराचा पुत्र १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होता. युद्धात जखमी वा मृत झालेल्या कामगाराची भरपाई मालकाने द्यावी आणि मालकाने त्यासाठी विमा उतरवावा, असा कायदा १९४३ मध्ये झाला; त्याचे विधेयक बाबासाहेबांनी विधिमंडळात मांडले होते. युद्ध बंदूकधाऱ्यालाच मारते असे नाही, हे त्यांनी ओळखले होते. आपल्या सभांतून या कायद्याचा उल्लेख फारसा होत नाही, याचे मला नवल वाटते.

सौदी अरेबियातही कायदा अगदीच मुका नाही. २००५ च्या कामगार कायद्यानुसार मृतदेह स्वदेशी पाठविण्याचा खर्च मालकावर आहे. पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी अर्ध्या महिन्याचे आणि पुढे दरवर्षी एका महिन्याचे वेतन, असा सेवासमाप्तीचा हिशेब वारसांना मिळावयास हवा. कामावरील अपघाताचा सामाजिक विमा परदेशी कामगारासही लागू आहे व त्याची वर्गणी मालकाने भरावयाची असते. तेथे दहनाची सोय नाही. म्हणून आपल्या माणसाचा अंत्यविधी आपल्या रीतीने करावयाचा, तर देह मायदेशी आणण्यावाचून गत्यंतर नाही. त्यासाठी रियाधच्या भारतीय दूतावासाचे ना-हरकत पत्र लागते आणि जवळच्या वारसाचे संमतिपत्र लागते.

आणि गाडे अडते ते नेमके इथे. आपले विवाह बौद्ध पद्धतीने, पंचशील ग्रहण करून, पाहुण्यांच्या साक्षीने होतात. नोंदणी मात्र राहून जाते. पारपत्रावर पत्नीचे नाव नसते. कित्येकांनी आडनाव बदललेले असते, त्यामुळे शाळेच्या दाखल्यावर एक आणि पारपत्रावर दुसरे! अशा वेळी शोकात बुडालेल्या भगिनीला आपण त्याची पत्नी आहोत हे सिद्ध करण्यासाठी तहसील कचेरीचे उंबरे झिजवावे लागतात, आणि देह तिकडे शवागारात वाट पाहत राहतो.

महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याखाली विवाहनोंदणी होते. जे बांधव सुटीवर गावी जाणार आहेत, त्यांनी या खेपेस ती करून घ्यावी, पारपत्रावर पत्नीचे नाव चढवावे आणि नोकरीच्या कराराची व विम्याच्या कागदांची एक प्रत तिच्या हाती देऊन मगच परतीचे विमान धरावे.

जयभीम!